कोपर चोळू नका
लेखमाला : दुखणं आणि हात (लेखांक सहावा)

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत जमघट असतो. अख्खं शहर गच्चीवर, आभाळभर पतंग. काटाकाटीच्या भरात एखादं पोर कठड्यावरून पडतं, आणि पडताना हात पुढे टेकतं. कोपर टम्म सुजतं. शहराच्या महानगर भागात सरकारी रुग्णालय आहे. एक्स-रेसाठी तिथे जाता येतं. पण मोहरीच्या तेलाची वाटी रुग्णालयापेक्षा जवळ असते, आणि ‘नस चढली असेल, उतरवून देतो’ म्हणणारा शेजारी त्याहूनही जवळ. आपल्याकडे मोहरीऐवजी खोबरेल असतं, एवढाच फरक.

मागच्या लेखात आपण शेक पाहिला. मालीशकडे वळताना सुरुवात मुद्दाम कोपरापासून करतो, कारण मालीश हे औषध आहे हे त्याच्या अपायावरूनच चटकन पटतं.

कोपराच्या पुढच्या बाजूला ब्रेकिअॅलिस नावाचा स्नायू हाडाला अगदी लगटून असतो. मार बसला की त्यात रक्त साकळतं. हात स्थिर ठेवला तर शरीर ते हळूहळू शोषून घेतं. त्याच दिवसांत कुणी रगडलं किंवा जोर लावून हात सरळ केला, तर त्या साकळलेल्या जागी हाड धरू लागण्याचा धोका वाढतो. हाड स्नायूच्या आत धरतं! याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, आणि भारतीय अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या कारणांमध्ये ‘इजेनंतरचं मालीश’ स्वच्छ लिहिलेलं असतं. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत कापसासारखी सावली दिसते. तोवर कोपर आखडलेलं असतं, घास तोंडापर्यंत जात नाही. ते हाड लगेच काढूनही टाकता येत नाही, ते पक्कं होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. हाडवैद्यानं कामट्या लावून पट्टी करकचून बांधली असेल तर दुसरंच संकट. रक्त अडून हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची वाकडी होतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे नीट मांडलं.

जुन्या जाणत्यांना हे भान नव्हतं असं नाही. लखनौच्याच झवाई टोल्यात हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये तकमील-उत-तिब ही युनानी शाळा काढली. युनानीत मालीशला ‘दलक’ म्हणतात आणि इब्न सीनाच्या ग्रंथात त्याची मात्रा सांगितली आहे. जोरकस चोळण्यानं अंग घट्ट होतं, हलक्यानं सैल पडतं, फार वेळ चोळलं तर ते झडतं. व्यायामाआधीचं मालीश वेगळं, नंतरचं वेगळं. आजच्या कसोटीवर यातलं सगळं टिकणार नाही, पण जोर, वेळ आणि प्रसंग हे तीन प्रश्न त्यानं बरोबर विचारले होते. आजच्या पार्लरच्या दरपत्रकात त्यातला फक्त वेळ उरला आहे.

मग मालीशनं बरं वाटतं ते कशामुळे? एक खुलासा मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये दिला. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान तंतूंतून जातात आणि दुखण्याचे बरेचसे बारीक, सावकाश तंतूंतून. मज्जारज्जूत स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याची वाट काहीशी अडते. नंतर या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा मात्र टिकला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१२ मध्ये आणखी पुढचं पाहिलं. अकरा तरुणांना सायकल चालवून दमवलं, प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालीश केलं आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालीश झालेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते. लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र काही फरक नव्हता. ‘मालीशनं लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे जिमच्या प्रत्येक प्रशिक्षकाचं आवडतं वाक्य, त्यामुळे त्याला निरोप द्यायला हरकत नाही.

आता मात्रा. लखनौच्या चिकनकाम करणाऱ्या बायका तासन्‌तास मान खाली घालून टाके घालतात. मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू धरतात, दाबलं की गाठी लागतात. अशा मानेवर मालीश लागू पडतं, पण किती? सिएटलमध्ये मानदुखीच्या २२८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर मालीश झालेल्यांना स्पष्ट फायदा झाला, अर्ध्या तासाच्या मालीशचा फारसा उपयोग दिसला नाही. कंबरदुखीचे पुरावे त्याहून कच्चे आहेत. अमेरिकी फिजिशियन संघटनेनं २०१७ मध्ये नव्यानं भरलेल्या उसणीसाठी गोळ्यांआधीच्या उपायांत मालीश धरलं, तेही पुरावा कमकुवत असल्याचं नोंदवून. आणि टाके घालायची बैठक तीच राहिली तर मान पुन्हा धरणारच. तिथे मालीशपेक्षा दर अर्ध्या तासानं उठणं आणि खांद्याचे व्यायाम जास्त कामाचे.

एक पोटप्रश्न हमखास येतो : टेनिस एल्बोचं काय? तेही कोपरच. पोळ्या लाटून, कपडे पिळून बाहेरच्या बाजूचा कंडरा दुखावतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. जेम्स सिरिअॅक्स यांनी अशा कंडऱ्यावर बोटाच्या टोकानं आडवं घर्षण करण्याची पद्धत रूढ केली. फिजिओथेरपिस्ट ती अजून वापरतात, पुरावा जेमतेम आहे. पण हे जुनं, घासून झालेलं दुखणं. ताजी सूज असलेलं कोपर ही वेगळी गोष्ट.

कोपराइतकीच पोटरी जपायची. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तिला हात लावू देऊ नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तडक डॉक्टर गाठा. हातापायाला बधिरपणा असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, तरी आधी तपासणी.

चांगला उपचारक ओळखायची माझी खूण साधी आहे : तो तेलाला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो. कधी लागलं, सूज कधी आली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात २००२ चा परिषद कायदा आहे, देशभरासाठी २०२१ चा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

पुढच्या आठवड्यात : जखडलेला खांदा, आणि मधुमेह्यांनाच तो जास्त का छळतो.