फोटो छापताना चेहरे का कापले जातात?

निकाहाचा ग्रुप फोटो मोठा करून भिंतीवर लावला की कधी कधी ध्यानात येते, कडेला उभ्या असलेल्या खाला अर्ध्याच दिसत आहेत! कॅमेऱ्यात तर सगळे नीट आले होते. मग झाले काय? फोटोची लांबी-रुंदी आणि कागदाची लांबी-रुंदी यांचे प्रमाण जुळले नाही, म्हणून जास्तीचा भाग कापला गेला.

हे प्रमाण समजायला सोपे आहे. बहुतेक मोबाइल ४:३ प्रमाणात फोटो काढतात. लग्नातील फोटोग्राफरचा मोठा कॅमेरा सहसा ३:२ चा असतो. हे प्रमाण रूढ झाले ते ओस्कार बार्नाक यांच्या लायका कॅमेऱ्यामुळे. १९२५ साली बाजारात आलेल्या या जर्मन कॅमेऱ्यात सिनेमाची फिल्म आडवी वापरून ३६ × २४ मिलिमीटरचे चित्र घेतले जाई. आजचा टीव्ही मात्र १६:९ चा आहे.

आता कागद पाहू. ४ × ६ इंचाची प्रिंट ३:२ ची असते. तिच्यावर मोबाइलचा आडवा फोटो पूर्ण भरला, तर वरचा-खालचा मिळून नववा हिस्सा जातो. मागच्या रांगेतील उंच माणसांच्या टोप्या आणि पुढे बसलेल्या मुलांचे पाय तिथेच कापले जातात. ८ × १० इंचावर मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो छापला, तर आडव्या बाजूचा सहावा हिस्सा जातो, म्हणजे रांगेच्या टोकाची माणसे. त्याऐवजी ८ × १२ इंच घेतले, तर काहीच कापावे लागत नाही.

काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

• ग्रुप फोटो काढताना चारही बाजूंनी थोडी जागा मोकळी सोडा. नंतर कापता येते, जोडता येत नाही.

• मोबाइलमध्ये १६:९ निवडले, तर बहुधा ४:३ चेच चित्र वर-खाली कापले जाते. म्हणून ४:३ च ठेवा.

• स्टुडिओत ‘पूर्ण फोटो छापा, कडेला पांढरी पट्टी चालेल’ असे सांगा. ४ × ६ वर दोन्ही बाजूंना जेमतेम पाव ते अर्धा इंच पट्टी येते.

• अल्बममध्ये दोन पानांवर पसरलेला फोटो असेल, तर मधल्या घडीवर कोणाचा चेहरा येत नाही ना, हे छपाईआधी पाहा.

• टीव्हीवर फोटो पाहताना कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. पडदा भरण्यासाठी ‘झूम’ केले की डोकी कापली जातात. ताणून भरले तर चेहरे रुंद दिसतात.

• दादा-दादींचे जुने फोटो स्कॅन करताना कडा आणि मागची अक्षरेही घ्या. मूळ प्रत न कापता जपून ठेवा, कापायचेच असेल तर दुसरी प्रत कापा.

फ्रेम आधी विकत आणून फोटो तिच्यात बसवू नका. आधी फोटोचे प्रमाण पाहा, मग फ्रेम निवडा. घरातल्या एखाद्या बुजुर्गांचा तोच शेवटचा फोटो असू शकतो.