काचेतला प्रकाश

आपणा मराठवाड्यातील मंडळींना अजिंठा परका नाही. इ. स. ५ व्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळी, तेथे मातीच्या गिलाव्यावर चित्रे रंगत होती. त्याच शतकात इटलीतील राव्हेना नगरीत कारागीर ओल्या चुन्यात रंगीत काचेचे बारीक तुकडे बसवून ख्रिस्ती मंदिरांच्या भिंती सजवीत होते. हीच मोझाइक कला.

गाल्ला प्लाचिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा वास्तूत गर्द निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. इ. स. ५४७ मध्ये अर्पण झालेल्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन व राणी थिओडोरा समोरासमोरच्या भिंतींवर परिवारासह उभी आहेत. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. हे तुकडे एका पातळीत नसतात. किंचित तिरपे असतात. म्हणून पाहणारा हलला की भिंत लुकलुकते.

दारातूनच नजर टाकून परतणाऱ्यास चित्र दिसते, पण त्यातला प्रकाश दिसत नाही. अजिंठ्यात काय, राव्हेनात काय, आत जावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मात्र राव्हेनात त्यानंतर चार पावले चालावेही. तेथे चालणे हाच पाहण्याचा अर्धा भाग आहे.