पदरमोड करून दिलेली शिक्षा

समजा, दोघांत शंभर रुपये वाटायचे आहेत. वाटणी पहिल्याने ठरवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा नाकारायची. नाकारली, तर दोघेही रिकाम्या हाताने घरी. हिशेबी माणूस पदरात पडतील ते दहा रुपयेही सोडणार नाही, असं अर्थशास्त्राचं गणित होतं. जर्मनीत वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी हा खेळ प्रत्यक्ष मांडला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. त्या आणि पुढच्या अनेक प्रयोगांत लोकांनी तुटपुंजा वाटा सरळ धुडकावला.

हा नकार कशापोटी? पुढची तीस वर्षं संशोधकांनी या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही.

झुरिचचे अर्न्स्ट फेअर आणि त्यांचे सहकारी सायमन गेख्टर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघाचौघांचे गट केले. सगळ्यांनी सामाईक निधीत वर्गणी घालायची. अंग चोरणाऱ्याला बाकीचे दंड करू शकत. पण समोरच्याचे तीन कापायचे, तर स्वतःचा एक घालवावा लागे. शिवाय दर फेरीला गट बदलत असल्याने पुन्हा गाठ पडण्याची शक्यता नव्हती. तरीही २४० विद्यार्थ्यांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक जणांनी निदान एकदा पदरमोड केलीच. फुकट्यांबद्दलची चीड हेच त्यामागचं मुख्य कारण, असं दोघांनी मांडलं. दंडाची सोय होताच वर्गणीही वाढली.

२००४ मध्ये झुरिचमधल्याच मेंदूच्या चित्रणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा देताना बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग सक्रिय होताना दिसला. २००८ मध्ये मात्र केव्हिन कार्लस्मिथ आणि सहकाऱ्यांना उलटंच आढळलं: सूड उगवलेली माणसं तेच मनात घोळवत अधिक अस्वस्थ राहिली. त्याच वर्षी अशाच वर्गणीच्या खेळाच्या सोळा शहरांतल्या तुलनेने आणखी धक्का दिला. अथेन्स आणि मस्कतमध्ये अनेकांनी भरपूर वर्गणी देणाऱ्यांनाच दंड केला होता. बॉस्टनमध्ये हे क्वचितच घडलं.

आपल्याला सर्वांत जवळचा प्रयोग उत्तर प्रदेशातला. कार्ला हॉफ, मयूरेश क्षेत्रमाडे आणि फेअर यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच जातीच्या माणसाशी दगाफटका झाला, तर तिसरा माणूस स्वतःचे पैसे खर्चून दगाबाजाला दंड करतो का, हे त्यांनी पाहिलं. उतरंडीच्या तळाशी ठेवलेल्या जातींतल्या लोकांनी उच्च जातीयांपेक्षा खूपच कमी दंड केला. संपत्ती, शिक्षण, राजकारणाचा अनुभव हे सारं हिशेबात धरूनही फरक उरलाच. ज्यांनी अन्याय सर्वाधिक सोसला, त्यांचाच हात दंडासाठी सर्वांत कमी उठला होता.