शिलालेखातील नाव आणि पूजेतील देवता

पुण्याच्या बुधवार पेठेतील तांबडी जोगेश्वरी ही शहराची ग्रामदेवता होय. 'तांबडी' हे विशेषण शेंदरामुळे आले की ताम्रासुरवधाच्या कथेतून, याविषयी एकवाक्यता नाही. त्याच पेठेत काळी जोगेश्वरीही असल्याने ते रंगवाचक मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. मात्र नावाची व्युत्पत्ती संदिग्ध असली तरी देवता संदिग्ध नाही. तिचे नवरात्र बसते, तिची ओटी भरली जाते.

रोमन काळातील जर्मानिक देवतांची स्थिती नेमकी उलट आहे. दगडावर नाव आहे. कथा, स्तोत्र, सण यांपैकी काहीच उरलेले नाही. 'ह्लुदाना' हे नाव मोजक्याच लेखांत येते. त्यांपैकी नेदरलँड्समधील बेटगुम येथे १८८८ मध्ये सापडलेला लेख मासेमारीचा मक्ता घेतलेल्यांचा आहे. 'नेहालेनिया'च्या वेदी १६४७ मध्ये डोम्बुर्गच्या किनाऱ्यावर उघड्या पडल्या. त्यांपैकी काही, माल सुखरूप राहिल्याबद्दल व्यापाऱ्यांनी उभारलेल्या होत्या. हे नाव जर्मानिक की केल्टिक, येथपासूनच वाद आहे. ऱ्हाईनकाठच्या 'मात्रोने', म्हणजे माता, तर बहुधा अनेकवचनी व तिघींच्या समूहात आढळतात. या लेखांच्या अखेरीस पुष्कळदा केवळ चार आद्याक्षरे असतात. त्यांचा आशय, 'नवस स्वखुशीने व यथोचित फेडला'. मराठी वाचकास हे शब्द परके वाटू नयेत.

अनेकवचनी माता पुण्याजवळही आहेत. पाणवठ्यावरील मावलाया वा साती आसरा यांना एकेकटे नाव क्वचितच असते. कार्ले येथील सातवाहनकालीन लेखात 'मामाल' या आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख येतो. ग्रामचे गाव, नामचे नाव, त्याच न्यायाने मामालचे मावळ होणे भाषाशास्त्रास धरून आहे. त्यामुळे सूर्य मावळतो ती दिशा म्हणून मावळ, ही प्रचलित उपपत्ती दुबळी ठरते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुढे जाऊन या प्रदेशनामाचा संबंध मातृदेवतांशी जोडला. तर्क आकर्षक खरा. परंतु त्याची पहिली पायरी ध्वनिनियमावर उभी आहे, तर दुसरी आजच्या पूजेवरून सुमारे दोन हजार वर्षांमागे नेलेल्या अनुमानावर. ह्लुदानाच्या अभ्यासकांना निदान देवतेचे नाव तरी हाती लागले. कार्ल्याचा लेख वलुरक लेण्यातील भिक्षूंना दिलेल्या करजक गावाविषयी आहे. त्यात देवी कोठेच नाही.