विद्यापीठाच्या कारभारात अध्यापकांचा वाटा

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील गाव. येथून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. बारावीनंतर गावातील एखादी मुलगी मोताळा, मलकापूर किंवा बुलढाणा येथील महाविद्यालयात नाव दाखल करते, तेव्हा तिने विद्यापीठाची इमारत बहुधा पाहिलेली नसते. तथापि तिला कोणता अभ्यासक्रम शिकावयाचा आहे, तिची परीक्षा केव्हा व्हावयाची आणि तिच्या पदवीला कोणती प्रतिष्ठा लाभावयाची, हे सारे त्या विद्यापीठाच्या कारभारावर अवलंबून असते. हा कारभार कोण चालवितो? वर्गात तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या अध्यापकाला त्यात काही वाटा आहे काय? हा प्रश्न वरवर पाहता अध्यापकांचा वाटतो; वस्तुतः तो गावाचाही आहे.

महाराष्ट्रात पंचायत राज्याची नवी रचना १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. ज्यांच्यासाठी कारभार करावयाचा त्यांनाच त्या कारभारात सहभागी करून घ्यावे, हे तिचे मूलतत्त्व होय. पुढे १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातून पश्चिम विदर्भासाठी अमरावती विद्यापीठ वेगळे करण्यात आले. २००५ साली त्यास संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाच्या रचनेतही सहभागाचे तेच तत्त्व आहे. ग्रामपंचायतीचा कारभार जाणणाऱ्या सदस्यास म्हणूनच ही रचना समजून घेणे कठीण जाऊ नये.

रचना कशी आहे?

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये चालतो. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९९४ चा अधिनियम लागू होता. कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी असले, तरी महत्त्वाचे निर्णय त्यांनी एकट्याने घ्यावयाचे नसतात. त्यासाठी निरनिराळी प्राधिकरणे आहेत.

अधिसभा हे त्यांतील सर्वांत व्यापक प्राधिकरण होय. तीत संलग्न महाविद्यालयांतील दहा अध्यापक व दहा प्राचार्य निवडून येतात. विद्यापीठ विभागांतील तीन अध्यापक, संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी आणि नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी हेही निवडणुकीनेच येतात. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे मांडला जातो. व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी निर्णय घेणारी संस्था असून अधिसभेतील अध्यापकांमधून निवडून आलेले दोन प्रतिनिधी तीवर असतात. विद्या परिषद शिक्षणाचा दर्जा, परीक्षा व संशोधन यांविषयीचे धोरण ठरविते. प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ अभ्यासक्रम तयार करते.

विषय शिकविणाऱ्यानेच त्याचा अभ्यासक्रम ठरविण्यात भाग घ्यावा, हे तत्त्व जगभर मान्य झाले आहे. युनेस्कोने नोव्हेंबर १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तीत अध्यापनाचे स्वातंत्र्य, नोकरीची सुरक्षितता आणि संस्थेच्या कारभारात सहभाग या गोष्टींचा एकत्र विचार केलेला आहे. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. उद्या नोकरी राहील की नाही याची ज्यास शाश्वती नाही, तो बैठकीत मोकळेपणाने मत मांडील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

महाविद्यालयाच्या पातळीवर

विद्यापीठाची प्राधिकरणे दूर असली, तरी प्रत्येक महाविद्यालयात एक समिती असणे बंधनकारक आहे. तिचे नाव महाविद्यालय विकास समिती. १९९४ च्या कायद्यातील स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा तिने घेतली. संस्थेचे अध्यक्ष हे तिचे अध्यक्ष व प्राचार्य हे सदस्य-सचिव असतात. महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापक आपल्यामधून तीन प्रतिनिधी निवडतात व त्यांत किमान एक महिला असावी लागते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही एक निर्वाचित प्रतिनिधी असतो. शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती संस्थेकडून नामनिर्देशित केल्या जातात. समितीने वर्षातून किमान चार वेळा भरावे, असा दंडक आहे. महाविद्यालयाचा विकास आराखडा, अर्थसंकल्प, नवे अभ्यासक्रम, अध्यापनाच्या सोयी व वार्षिक अहवाल हे विषय तिच्या कक्षेत येतात.

ही समिती जेथे नियमाने भरते, तेथे प्रयोगशाळेतील उपकरणे, ग्रंथालयातील पुस्तके, वेळापत्रकातील अडचणी असे प्रश्न वेळीच पुढे येतात. जेथे बैठकीचे इतिवृत्त आधी लिहून मागाहून केवळ सह्या घेतल्या जातात, तेथे कायद्याने दिलेला सहभाग कागदावरच राहतो. ग्रामसभेचा अनुभव असणाऱ्यांस हा फरक निराळा सांगावयास नको.

निवडणूक आणि नामनिर्देशन

२०१६ च्या कायद्याने काही महत्त्वाचे बदल केले. पूर्वी विद्याशाखेचे अधिष्ठाते निवडून येत. आता चार विद्याशाखांसाठी निवड समितीमार्फत पूर्णवेळ अधिष्ठाते नेमले जातात. अभ्यास मंडळांत विभागप्रमुखांमधून निवडून येणाऱ्या सदस्यांबरोबर नामनिर्देशित सदस्यही असतात. निवडणुकीत गटबाजी शिरते व विषयाचा जाणकार मागे पडतो, असा या बदलामागील विचार होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु नामनिर्देशित सदस्य मतदार अध्यापकांना उत्तरदायी नसतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तज्ज्ञता आणि प्रतिनिधित्व या दोहोंचा मेळ घालणे हीच सहभागी कारभाराची खरी कसोटी होय.

रिकामी जागा, रिकामा वाटा

या सर्व रचनेचा पाया एका शब्दावर उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘पूर्णवेळ’. कायद्याच्या दृष्टीने अध्यापक म्हणजे पूर्णवेळ व विद्यापीठाची मान्यता असलेला अध्यापक. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक या व्याख्येत बसत नाही. तो त्याच वर्गात तोच विषय शिकवितो, उत्तरपत्रिका तपासतो, विद्यार्थ्यांच्या शंका सोडवितो. पण त्याचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते, त्याची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते आणि विकास समितीच्या निवडणुकीत त्यास मत नसते.

२०१७ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये आर्थिक कारणांस्तव भरतीवर निर्बंध आले. मधल्या काळात, २०१८ साली, राज्य शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. २०२१ साली आणखी २,०८८ पदांना मान्यता मिळाली. तथापि एकीकडे भरती होत असता दुसरीकडे सेवानिवृत्ती चालूच असते. लहान महाविद्यालयात एखाद्या विषयाचा एकच पूर्णवेळ अध्यापक असतो. तो निवृत्त होऊन जागा रिकामी राहिली, म्हणजे त्या विषयाचा विभागप्रमुखच उरत नाही. मग अभ्यास मंडळाच्या निवडणुकीत त्या विभागाचे मत नाही आणि विकास समितीत त्या विषयाची बाजू मांडणारा कोणी नाही.

रिक्त पदाची झळ केवळ वर्गाला लागत नाही. कारभारातील अध्यापकांचा वाटाही तेवढ्याने आकसतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कायद्यात तीन प्रतिनिधींची तरतूद कायम राहते, परंतु ज्यांनी त्यांना निवडावयाचे व ज्यांच्यामधून ते निवडावयाचे, ते मतदारच कमी होत जातात. मोठ्या शहरातील महाविद्यालयापेक्षा आडवळणाच्या महाविद्यालयास ही उणीव अधिक जाणवते.

कामाचा भार आणि दाद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार ४० तासांपेक्षा कमी नसावा. त्यापैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकास १६, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकास १४ आहेत. उरलेला वेळ तयारी, संशोधन, परीक्षा व विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन यांसाठी आहे. पदे रिक्त राहिली म्हणजे प्रवेशापासून मूल्यांकनापर्यंतची कामे थोड्या हातांवर येतात आणि समितीच्या बैठकीस जाणे हे ओझे वाटू लागते. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांची आखणी व अंमलबजावणी याच हातांनी करावयाची आहे.

अध्यापकास गाऱ्हाणे असेल, तर कायद्याने मार्ग ठरवून दिले आहेत. सेवाविषयक तक्रारींसाठी विद्यापीठ पातळीवर तक्रार निवारणाची व्यवस्था आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती यांविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असणे आवश्यक आहे. ही मुदत व हे मार्ग प्रत्येक अध्यापकास ठाऊक असावेत. अनेकदा मुदत उलटून गेल्यावरच त्यांची आठवण होते.

वैयक्तिक गाऱ्हाण्यांपलीकडचे प्रश्न संघटनांनी हाती घेतले. नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ, म्हणजेच ‘नुटा’, नागपूर व अमरावती या दोन्ही विद्यापीठांच्या क्षेत्रांत कार्यरत आहे. या संघटनेचे नेते प्रा. बी. टी. देशमुख यांनी सुमारे तीन दशके विधान परिषदेत अमरावतीच्या पदवीधरांचे प्रतिनिधित्व केले आणि अध्यापकांचे प्रश्न सभागृहात मांडले.

चर्चेचे मार्ग खुंटले म्हणजे काय होते, याचा अनुभव २०१३ साली आला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट पात्रतेविना नियुक्त झालेल्या अध्यापकांचा प्रश्न यांवरून राज्यातील प्राध्यापकांनी फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. तो मे महिन्यात मागे घेण्यात आला. त्या काळात परीक्षेची तयारी करून बसलेल्या, पुढील प्रवेशाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना या वादाची झळ सोसावी लागली. वाद मिटविण्याची जागा परीक्षा केंद्र नव्हे. ती जागा नियमाने भरणाऱ्या समितीची व परिषदेची आहे, हाच त्या घटनेचा धडा होय.

गावाने काय करावे?

पंचायत सदस्य, शाळेतील शिक्षक व स्थानिक अधिकारी यांना या विषयात करण्याजोगे बरेच आहे. गावातील मुले ज्या महाविद्यालयात जातात, तेथे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. विकास समितीच्या चार बैठका गेल्या वर्षी झाल्या काय? अध्यापकांचे तीन प्रतिनिधी निवडणुकीने आले काय? कोणत्या विषयास पूर्णवेळ अध्यापक नाही व त्यासाठी मागणी पाठविली काय? समितीतील चार स्थानिक सदस्यांमध्ये शिक्षणाची आस्था असणारी व्यक्ती असावी, असा आग्रह धरावा. गावातील पदवीधरांनी विद्यापीठाकडे आपली नोंदणी करावी. अधिसभेतील दहा जागा त्यांच्या मतांनी भरल्या जातात.

संस्थाचालकांनीही तासिका तत्त्वावरील अध्यापकांस, मत नसले तरी, आपले म्हणणे समितीपुढे मांडण्याची संधी द्यावी. त्यास कायद्याची आडकाठी नाही.

ग्रामसभेत माणसे आली नाहीत तर पंचायत चार व्यक्तींची होऊन बसते. विद्यापीठाचेही तसेच आहे. वर्गात उभा राहणारा अध्यापक कारभाराच्या बैठकीतही उपस्थित असेल, तरच दोनशे किलोमीटरांवरील विद्यापीठाला धामणगाव बढेच्या विद्यार्थिनीची अडचण कळेल.