काट्याची साक्ष

आमची प्रीमियर पद्मिनी 1988 सालची. बँकेत असताना, 1995 साली, एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून मी ती वाहनकर्जावर घेतली. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढचे आसन असे ऐसपैस की मुलगी लहान असताना आम्ही तिघे तिथेच मावत असू. मुंबईतल्या हिच्या काळ्यापिवळ्या बहिणी आता गेल्या. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर तिची रजा झाली. आमची अजून पुण्यात, सोसायटीच्या आवारात, कव्हराखाली सुखरूप आहे. मुलीच्या मते ती विकून टाकावी. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे डॅशबोर्डावरचा एक बोटभर काटा.

2022च्या मे महिन्यातली गोष्ट. वाईला पत्नीच्या मावशी अत्यवस्थ होत्या. या मावशीनेच हिला वाढवलेले. सकाळी फोन आला, आम्ही निघालो. शिरवळ मागे पडले आणि खंबाटकीचा घाट लागायच्या आत तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. पहिल्या चढालाच तो पट्ट्यावर जाऊन टेकला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. वाफ नाही, वास नाही, पाणी कुठे गळत नाही. पण काटा लाल दाखवतो म्हणजे लाल. आयुष्यभर कागदावर आकडा दिसला की तो खरा मानण्याची सवय! गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणे, हे ठाऊक असल्यामुळे ते धाडसही केले नाही. दीड तास आम्ही उन्हात उभे होतो. ही दोनतीनदा म्हणाली, "अहो, एखादी एस.टी. थांबवू या का?" मी म्हटले, "थांब, आता थंड होईल." आम्ही पोचलो तेव्हा मावशींची शुद्ध हरपली होती. संध्याकाळी त्या गेल्या. शुद्ध जाण्याआधी त्या हिचे नाव घेत होत्या, असे तिथल्यांनी सांगितले. त्यावर ही मला काहीच बोलली नाही. आजतागायत बोललेली नाही.

पुण्याला आल्यावर गाडी मेस्त्रींकडे टाकली. त्यांनी रेडिएटरचा कोअर बदलला. काटा लालच. वॉटर पंप बदलला. काटा किंचित उतरला, पुन्हा चढला. मग त्यांनी आपल्याकडचा रामबाण उपाय केला: थर्मोस्टॅट काढून टाकला. "साहेब, आपल्या हवेत त्याची गरजच नाही," हे वाक्य मी निदान चार गॅरेजांत ऐकले आहे. आणि खरोखरच काटा मधोमध येऊन बसला. मी पैसे दिले, पेढेही दिले.

हिवाळ्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. पेट्रोलचा हिशेब मी वहीत ठेवतो, जुनी खोड. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली होती. सकाळी चोक लवकर आत ढकलावा तर इंजिन खोकत असे. प्लग काढले तर ते काजळीने काळे. ही सारी लक्षणे तापलेल्या इंजिनाची नव्हेत, थंड राहणाऱ्या इंजिनाची. मग काटा मध्यावर कसा?

बँकेत नव्याने लागलो तेव्हा आमचे वरिष्ठ सांगत, ताळेबंद जुळला नाही तर घाबरू नका, चूक सापडेल. चुकीचा ताळेबंद जुळला तर घाबरा. एका बाजूला शंभर जास्त आणि दुसऱ्या बाजूलाही शंभर जास्त पडले की बेरजा अगदी गोड जुळतात. माझ्या गाडीत हेच झाले असावे, असा संशय आला. इंजिन गरजेपेक्षा थंड आणि काटा गरजेपेक्षा गरम. दोघांनी मिळून मध्यावर तडजोड केलेली.

संशय तपासायला लागले स्वयंपाकघरातले एक थर्मामीटर. ते आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहिले. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे इथे पाणी शंभरावर नव्हे, 98 अंशांच्या आसपास उकळते. थर्मामीटर तेवढेच दाखवत होते. मग रात्रभर गार झालेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण काढले, थर्मामीटर आत सोडले आणि इंजिन चालू केले. थर्मोस्टॅट नव्हता हे इथे पथ्यावर पडले. तो असता तर उघडेपर्यंत गरम पाणी रेडिएटरकडे आलेच नसते आणि ही तुलना फसली असती. अर्ध्या तासाने थर्मामीटर 62 अंशांवर स्थिरावले. काटा मध्यावर. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 85 अंशांवर उघडतो, आणि खरे तर तेव्हा काट्याने मध्यावर यावे. म्हणजे काटा वीसेक अंश चढवून सांगत होता. खंबाटकीत तो लाल झाला तेव्हा इंजिन बहुधा चढावर असायला हवे तेवढेच गरम होते. मी त्या थर्मामीटरकडे पाहत बराच वेळ नुसता उभा राहिलो.

या काट्याची रचना सोपी आहे. इंजिनाच्या डोक्यात पितळी बोंड बसवलेले असते, त्याला सेंडर म्हणतात. पाणी तापले की त्याचा विद्युत रोध कमी होतो, तारेतून जास्त वीज वाहते, काटा चढतो. सेंडरची तार काढली की काटा गार टोकाला पडायला हवा. ती क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली की गरम टोकाला जायला हवा. क्षणभरच, जास्त वेळ टेकवली तर काटा कायमचा जातो. दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणजे तार आणि काटा जिवंत होते. अर्थही तपासला. तो खराब असता किंवा सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉनची जाड पट्टी गुंडाळलेली असती, तर रोध वाढून काटा उलट कमी दाखवता. ती चूक तर याहून घातकी. राहता राहिला सेंडर. आणि मग आठवले: आदल्या वर्षी हेड उतरवताना जुना सेंडर तुटला होता आणि गॅरेजवाल्याने बाजारातून दुसरा आणून बसवला होता. आटे जुळले, म्हणजे वस्तू जुळली! कुठल्या गाडीचा, कुठल्या काट्यासाठी बनवलेला, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

योग्य सेंडर ओळखायचा कसा? बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून कमीजास्त करता येणारा, तारेचा रोधक आणला, तो सेंडरच्या जागी जोडला आणि काटा मध्यावर यायला किती ओहम लागतात ते वहीत लिहिले. बसवलेला सेंडर गरम पाण्यात 82 अंशांवर मोजला तर त्याच्या निम्मेही नव्हते. आकडे मुद्दाम देत नाही; ते माझ्या काट्याचे आहेत.

मग सुरू झाले रविवार. जुन्या बाजारात मी हातात मल्टिमीटर आणि खांद्याला थर्मास अडकवून हिंडू लागलो. पितळी बोंड दिसले की थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतायचे, बोंड बुडवायचे, मोजायचे. विक्रेते आधी हसले, मग खुर्ची देऊ लागले. एकाने विचारले, "काका, चहा बनवताय का?" पाचव्या रविवारी एका जुन्या पद्मिनीच्या सुट्या भागांच्या ढिगात हवा तो मिळाला. साठ रुपये. घासाघीस केली नाही.

तो बसवल्यावर काटा खाली पडून राहिला, कारण आता तो खरे सांगत होता: इंजिन थंड आहे. मेस्त्रींना नवा थर्मोस्टॅट बसवायला सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला, पण बसवला. काटा मध्यावर आला, आणि महिन्याभरात वहीत पुन्हा साडेबारा, तेरा दिसू लागले.

त्यानंतरच्या मे महिन्यात मावशींच्या वर्षश्राद्धाला निघालो. मुलगी म्हणाली, "बाबा, टॅक्सी करा." ही म्हणाली, "आपल्याच गाडीने जाऊ." घाटात काटा मध्याच्या किंचित वर चढला आणि तिथेच राहिला. ही रस्त्याकडे बघतच नव्हती, काट्याकडे बघत होती. जिथे आम्ही दीड तास उभे होतो ते वळण आले. तिथे एक ट्रक बॉनेट उघडून उभा होता, ड्रायव्हर सावलीत बसला होता. मी दुसरा गिअर टाकला. सुरूर फाट्याला वळताना हिने पर्समधून गोळी काढून मला दिली, आलेपाकाची. मावशी द्यायच्या तशी.