भूभेदी रडारद्वारे रस्त्यांचे परीक्षण

भूभेदी रडार (जीपीआर) हे विद्युतचुंबकीय तरंगांच्या साहाय्याने जमिनीखालील रचनेचा वेध घेणारे उपकरण आहे. रस्ते अभियांत्रिकीत थरांची जाडी मोजण्यासाठी, तसेच थरांत मुरलेले पाणी व पोकळ्या शोधण्यासाठी त्याचा उपयोग होतो. रस्ता खोदावा लागत नसल्याने ही अविनाशी चाचणी ठरते.

कार्यतत्त्व

अँटेना अत्यंत अल्पकालीन स्पंद रस्त्यात सोडतो. दोन थरांचे डायइलेक्ट्रिक स्थिरांक भिन्न असल्यास त्यांच्या सीमेवरून तरंगाचा काही भाग परावर्तित होतो. हा स्थिरांक हवेसाठी सुमारे १, डांबरी मिश्रणासाठी साधारणतः ४ ते ८, तर पाण्यासाठी सुमारे ८० असतो. त्यामुळे पृष्ठभागावर खड्डा दिसण्यापूर्वीच आतील ओलावा लक्षात येऊ शकतो.

प्रकाशाच्या वेगाला स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागल्यास थरातील तरंगाचा वेग मिळतो. या वेगाला परावर्तनाच्या जाण्या-येण्याच्या काळाने गुणून निम्मे केल्यास जाडी मिळते. काळ २ नॅनोसेकंद असताना स्थिरांक ४ मानल्यास जाडी १५ सेंमी, तर ६.२५ मानल्यास १२ सेंमी येते. स्थिरांक प्रत्यक्षाहून कमी धरल्यास पातळ रस्ता जाड भासतो आणि दुरुस्तीचा नवा थर अपुरा पडू शकतो.

वापर

वाहनाला जोडलेले, पृष्ठभागापासून काही अंतरावर राहणारे हॉर्न अँटेना साधारणतः १ ते २ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर काम करतात. वाहतूक न थांबवता त्यांद्वारे सर्वेक्षण करता येते. जमिनीलगत फिरवले जाणारे, कमी वारंवारतेचे अँटेना अधिक खोलवर पोहोचतात. मात्र त्यांना पातळ थर स्पष्टपणे वेगळे दाखवता येत नाहीत. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर या उपकरणाने रस्त्याची लवचीकता मोजून थरांची ताकद काढताना रडारने मिळालेली जाडी वापरतात.

मर्यादा

रडार थेट बिघाड दाखवत नाही. ते पदार्थांच्या विद्युत गुणधर्मांतील बदल दाखवते. ओल्या चिकणमातीत तरंग लवकर क्षीण होतात. महाराष्ट्रातील काळ्या मातीवरील रस्त्यांखाली, विशेषतः पावसाळ्यात, ही अडचण जाणवते. काँक्रीटमधील सळ्यांच्या तीव्र परावर्तनामुळे त्यांखालील भाग झाकला जातो. म्हणून निवडक ठिकाणी रस्त्यातून दंडगोलाकार नमुने काढून रडारच्या नोंदी पडताळल्या जातात. रडारमुळे असे नमुने कमी लागतात. त्यांची गरज पूर्णपणे संपत नाही.